नाव बदललं म्हणून

३ नोव्हेंबर

प्रज्वल पुण्याहून आला. केस खांद्यापर्यंत, कानात डूल! जेवताना शांतपणे म्हणाला, "बाबा, मी मुलगी आहे. लहानपणापासून आहे. आता माझं नाव कामिनी." हिचा, प्रज्वलच्या आईचा, घास हातातच राहिला. मी नुसतं पाणी प्यायलो.

४ नोव्हेंबर

आज बोललोच. "उद्या मी म्हणीन, मी बामण आहे. मानतीन लोक? जन्मानं मिळालं ते मिळालं."

तो म्हणाला, "आबांनी दीक्षा घेतली, धर्म बदलला. तवाही लोक हेच म्हणले असतीन ना?"

माझ्या वडिलांना मध्ये आणलं — राग आला. म्हटलं, जात माणसांनी लादली होती, म्हणून त्यांनी ती फेकली. तुझा देह कोणी लादला?

"तेच तर! जात घराण्यातून येते. आबांची, तुमची, माझी एकच. हे मले कोणाकडून आलं नाही. दोन्ही सारखं नाहीच, बाबा. तुम्हीच सारखं करून राहिले."

६ नोव्हेंबर

धाकट्या भावाला, नत्थूला, सांगितलं. तो हसला. "पोरगं बिघडलं गा तुझं!" मी ताडकन उठून आलो. काहून? मीही तर तेच म्हणत होतो!

९ नोव्हेंबर

प्रज्वलला कळमेश्वरला नोकरी लागली. पण आमच्याकडे, नंदनवनला राहायचं नाही म्हणतो — शेजारी तुम्हाला बोलतील. म्हणून सक्करदऱ्याला खोली पाहायला दोघं गेलो.

घरमालकाने आडनाव विचारलं. सांगितलं. मग त्याने प्रज्वलच्या कानातल्या डुलांकडे बघितलं. "घरी विचारून कळवतो."

स्कूटरवर प्रज्वल मागून म्हणाला, "त्याले कशाची अडचण झाली? जातीची का माझी?"

"अर्धी-अर्धी असंल."

दोघंही हसलो. किती दिवसांनी!

मग चहाच्या टपरीवर तो म्हणाला, पुण्यात दुसरंच आडनाव सांगून खोली घेतली होती. मला लागलं ते. माझ्या पोराला आडनाव लपवावं लागलं!

"कोणी त्या आडनावानं हाक मारली का आधी आठवा लागे — अरे, हे आपल्यालेच. बाबा, प्रज्वल म्हणलं का मले तसंच होते. आतापर्यंत होत आलं."

मी म्हटलं, "त्या दिवशी तर म्हणत होता, सारखं नाही!"

"नाहीच. पण लपवा लागते ते सारखंच."

चहा थंड झाला. मी दुसरे दोन मागवले.

११ नोव्हेंबर

घरमालकाचा फोन नाही. येणारही नाही.

१२ नोव्हेंबर

नत्थू येऊन गेला. "लोकाईले काय सांगशीन?" विचारत होता. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "चहा घेता का भाऊजी?" बस, तेवढंच.

१४ नोव्हेंबर

कामिनी बॅग भरत होती — कळमेश्वरलाच खोली पाहते म्हणाली. मीच म्हटलं, "काहून जाते वं दुसरीकडं? घर आहे ना."