ब्रिटनीतला वाडगा आणि उद्याचा चहा

प्रिय माय,

तू गेल्यापासून तुला कधी लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, मग लिहून काय करू? पण आज आपल्या झरी गावात, घराच्या ओट्यावर बसून लिहितेय. मला भीती वाटतेय, आणि बाप असूनही ती अण्णांना सांगता येत नाही.

उद्या मालकांच्या घरी माझा सत्कार आहे. हो, त्याच घरी, जिथं तू जन्मभर शेण काढलंस! पोरगी फ्रान्सला जाऊन आली म्हणून चहाला बोलावलंय. तो चहा कशातून देतील, माय?

त्यांच्या गोठ्याच्या कोनाड्यात तुझी कानतुटकी कपबशी अजून असेल का? चहा संपला की तू म्हणायचीस, “धू आन् पालथी घाल, बाई. कुनाकडं बघू नको.” मी ते इतकं नीट शिकले, की ते माझ्याबरोबर फ्रान्सपर्यंत आलं.

शेतकी कॉलेजानं आम्हा काहीजणांना तिथल्या शेतकऱ्यांच्या घरी राहायला पाठवलं होतं. माझ्या वाट्याला आला ब्रिटनी नावाचा समुद्राकाठचा मुलूख. काय काय पाहिलं गं! माळावर उभ्या दगडांच्या रांगा, आपल्या तुरीच्या ओळींसारख्या. हजारो वर्षांपूर्वी कुणी रोवले, कुणालाच ठाऊक नाही. “ज्यांनी ओढून आणले, त्यांची नावं कोण लिहिणार?” घरची म्हातारी म्हणाली. तिची सून मला इंग्रजीत सांगायची.

म्हातारी मोठ्या तव्यावर काळसर पिठाची जाळीदार धिरडी घालायची. वर खारं लोणी, सोबत ताक. “हे गरिबाचं खाणं,” असं ताठ मानेनं सांगायची! आपण भाकरी पदराखाली का झाकायचो, माय?

पण पहिल्या दिवशी जेवायला बसले, तेव्हा मला वेगळंच दिसलं. सगळ्यांचे वाडगे जुने, माझा एकटीचा कोरा करकरीत. इथंही? यांना कुणी सांगितलं? मान खाली घालून ताक प्याले, वाडग्याकडे धड न बघता तो अंगणातल्या नळावर धुतला आणि बाहेरच्या ओट्यावर पालथा घातला.

म्हातारी तो घेऊन धावत आली. “ताक आंबट होतं का?”

सून हसली. “अगं, बाहेर ठेवलास तर कोंबड्या अंडी घालतील त्यात!”

मग म्हातारीनं वाडगा माझ्यापुढे फिरवला. त्यावर निळ्या अक्षरांत माझं नाव होतं. त्या घरात प्रत्येकाच्या वाडग्यावर त्याचं नाव असतं. माझा, मी पोचायच्या आधीच रंगवून आणला होता. तिनं तो फळीवर ठेवला, तिच्या आणि सुनेच्या वाडग्यांच्या मधे. मी रडले. का रडतेय, ते कोणत्या तोंडानं सांगणार होते?

तू मला शाळेत घातलंस गं. मग ही भीती तेवढी का ठेवलीस माझ्याजवळ? की तुझ्याकडे दुसरं काही नव्हतंच मला वाचवायला?

अण्णा म्हणतात, “कप धुतल्यानं हात झिजतेत का? विद्यापीठाच्या नामांतरावरून गाव तापलंय. तू जाशील निघून, आमाला इथंच ऱ्हायचंय.” ते खोटं बोलत नाहीत. म्हणून तर जास्त भीती वाटते. माझ्या एका कपापायी आपल्या वस्तीवर कुणी आलं तर?

तरी जाईन. कप गोठ्यातला असेल, तर हात जोडून “नको” म्हणेन आणि उठेन. त्यांच्यासारखाच असेल, तर पिईन आणि तिथंच ठेवीन, त्यांच्या कपांच्या मधे, न धुता. आणि माय, या वेळी मी सगळ्यांकडे बघेन.

तू ठेवलेलं नाव लावणारी,
सुनंदा