फळीवरचा बाज

२ एप्रिल
ठरलं. आयटीतली हमाली यंदापुरतीच. मग फुल-टाइम वाइल्डलाइफ आर्टिस्ट. पहिला विषय ओताका, इथल्या जपानी जंगलातला बाज. अजून पाहिलेला नाही. खऱ्या कलाकाराचं त्यावाचून अडत नाही.

५ एप्रिल
चित्राची लाकडी फळी मोठी आहे म्हणून तन्वीचं टेबल घेतलं. सुमेधा म्हणाली, पोरीने अभ्यास कुठे करायचा? जमिनीवर. आम्ही नाही केला?

१९ एप्रिल, रविवार
जंगलात जाणार होतो. झोप लागली, ट्रेन चुकली. म्युझियममध्ये पेंढा भरलेला ओताका पाहिला. उलट बरं, हलत नाही.

३ मे
डोळे झाले. खरे पिवळे असतात, मी तपकिरी केले. पिवळ्यात करुणा येत नाही. तन्वी बघून जपानीत म्हणाली, हातो. म्हणजे कबुतर. नऊ वर्षांची कार्टी. तिचा ड्रॉइंग क्लास बंद केला. खूप रडली. तिचे ब्रश मी घेतले. चांगले आहेत.

१६ मे
पक्षिचित्रांच्या प्रदर्शनाला चित्र दिलं. निवड करणारे मोरिता-सान चाळीस वर्षं ओताकाच्या मागे जंगलात फिरतायत. बराच वेळ पाहून म्हणाले, फार शांत पक्षी आहे, विचार करतो. म्हणजे झालंच. लगेच बॉस ओनो-सानना कळवलं, काँट्रॅक्ट रिन्यू करत नाही. सुमेधा म्हणाली, इथे विचार करतो म्हणजे नाही. तिला जपानी येतं, माणसं कळत नाहीत.

३० मे
चित्र परत आलं. पॅकिंग अतिशय सुबक. सोबत आभाराचं पत्र. बहुधा मोठ्या प्रदर्शनासाठी राखून ठेवलं असावं. तरी ओनो-सानना म्हटलं, काँट्रॅक्टचं पुन्हा बघता येईल का? ते म्हणाले, विचार करतो.

६ जून, सकाळ
सुमेधाने मला न विचारता चित्र खाली कचऱ्याच्या जागी बांधलं, कावळे पळावेत म्हणून. म्हणाली, तुमच्या बाजाला काम लागलं, आता तुमचं बघा. खिडकीतून पाहिलं. एक कावळा फळीवर चढून बसला होता, दुसरा खाली पिशवी फाडत होता. थोड्या वेळाने कबुतरंही आली.

१२ जून
ऑफिसात माझ्या जागी पुण्याहून संजीव आला. त्याला सगळं समजावून दिलं. व्हिसा जुलैपर्यंत.

घरी आलो तर बिल्डिंगच्या कमिटीने चित्र परत आणून ठेवलेलं. मोठ्या टाकाऊ वस्तू उचलून नेणाऱ्या ऑफिसला फोन केला. बाईंनी वस्तू विचारली. चित्र, म्हणालो. फ्रेम आहे का? नाही. मग फळी लिहू का?

तन्वी टेबलावर अभ्यास करत होती. तिने वर पाहिलं नाही.

लिहा म्हणालो.