सोबतच्या माणसानं बाहेर बसायचं

आबा,

त्या माणसानं लोखंडी स्टूल उचलून तुमच्या कपाळात घातलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. कॉलेज कागदोपत्री नंतर सुटलं, आई अजून त्याचा दोष माझ्या मित्रांना देते. पण मी ते सोडलं त्याच दुपारी, आपल्या दवाखान्याच्या फरशीवर, तुमचं रक्त माझ्या सदऱ्यानं पुसत असताना. तेव्हापासून माझा हात आधी उठतो आणि डोकं मागून येतं. लोक म्हणतात पोरगं तापट आहे. तापट कुणी केलं ते कुणी विचारत नाही.

गुलमंडीच्या मागच्या बोळात आपला दवाखाना अजून आहे. तुमच्या वेळी तिथं बाई आजारी असायची आणि बोलायचा नवरा, नाहीतर सासू. तुम्ही बाईकडं बघून विचारायचात, काय होतंय, आणि उत्तर तिच्या डोक्यावरून यायचं. "हिची कंबर लई धरती डॉक्टर, जरा भारीतली गोळी द्या." पंधरवड्यानं तीच बाई, तीच कंबर, गोळी आणखी भारी. किती वर्षं असं चाललं, आणि मग एकदा जेवताना तुम्ही हातातला घास तसाच ठेवून आईला म्हणालात, "मी बायकांना औषध देतोय अन् ऐकतोय नवऱ्यांचं." त्यातून तुमचा प्रयोग निघाला. आठवड्यातले निम्मे दिवस सोबतच्या माणसानं बाहेर बसायचं, बाईची तयारी असेल तर. उरलेले दिवस जुनी रीत. जी बाई तीच तक्रार घेऊन परत येईल, तिच्या नावानं इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीचं एक रबरी बूच बरणीत टाकायचं. दोन रीतींच्या दोन बरण्या. शहरातले डॉक्टर हसले. दवाखाना चालवता का प्रयोगशाळा, म्हणाले, गिऱ्हाईक पळून जाईल. मीही हसलो होतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "औषध चुकतंय का ऐकणं चुकतंय, ते एकदा बघू दे." आणि खरंच, एकटीला ऐकलेल्या दिवसांची बरणी सावकाश भरत होती. दिवाळीनंतर डॉक्टरांच्या सभेत तुम्ही ते मांडणार होतात. इतकं खूश मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं.

मग ती सोयगावकडची बाई आली. नवरा एमआयडीसीत कामाला, तुमचा जुना पेशंट, दसऱ्याला सोनं द्यायला येणारा. तो बाहेर बसला आणि आत तिनं सांगितलं की कंबर पाण्याच्या हंड्यानं गेलेली नाही, लाथांनी गेलीय. इथं तुम्ही चुकलात, आबा. तुम्ही घरचे डॉक्टर होतात, आणि घरच्या डॉक्टरला वाटतं आपण त्या घरातले वडीलधारे. तुम्ही त्याला आत बोलावलं आणि तिच्यासमोर झापलं. "बायकोला लाथा घालतोस? लाज नाही वाटत?" त्यानं मान खाली घातली. "चुकलं डॉक्टर, परत नाय व्हायचं." तुमच्या पाया पडला, बायकोला पुढं घालून घेऊन गेला. तुमचं समाधान झालं होतं. मला दिसत होतं.

दोन-तीन दिवसांनी शेजारणीनं तिला रिक्षातून आणलं. जबडा निखळून लोंबत होता. जे तोंड आत बोललं, तेच त्यानं फोडलं होतं. तो मागून आलाच, बायको न्यायला. मी त्याला पायरीवर गाठलं, केसाला धरलं आणि त्याचं थोबाड शटरवर आपटलं, पुन्हा आपटलं, दात तुटल्याचा आवाज ऐकला तरी थांबलो नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही, तुम्हाला खोटं कशाला लिहू. तो पळाला आणि भाऊबंद घेऊन परत आला. कपाटाच्या काचा, त्या दोन बरण्या, तराजू, तपासायचं टेबल, काही ठेवलं नाही. मला दोघांनी भिंतीला दाबून धरलेलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या हातातलं ते स्टूल वर गेलं.

ते निघून गेले तेव्हा तुम्ही गुडघ्यावर बसला होतात. रक्त डोळ्यांत उतरतंय आणि तुम्ही काचांमधून बुचं वेचताय.

"आबा, उठा. टाके घालायला लागतील."

"थांब. यातली कुठल्या बरणीतली कुठली?"

"सगळी सारखीच दिसतात."

"व्हय," तुम्ही म्हणालात, "आता सारखीच."

टाके पडत असताना तुम्ही दोनच गोष्टी बोललात. एक म्हणजे, नुसतं एकटीला ऐकून भागत नाही, आत बोललेलं आतच राहिलं पाहिजे. ते तुमच्याच तोंडून बाहेर गेलं होतं. आणि दुसरी मला. "तू त्याचे दात पाडलेस. वसुली तो तिच्याकडून करील." मी ओरडलो, "मग काय आरती ओवाळू त्याची?" तुम्ही डोळे मिटून घेतलेत. त्या बाईला तिच्या भावानं माहेरी नेलं, पुढचं कळलं नाही. त्या मारानंतर तुमच्या हाताला कंप सुटला, सभा राहूनच गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात.

आता तुमच्या खुर्चीवर डॉक्टर मॅडम बसतात. खुलताबादच्या आहेत, आईकडून दवाखाना भाड्यानं घेतला. शिकताना कुणा जुन्या डॉक्टरांकडून तुमच्या बरण्यांची गोष्ट ऐकली आणि तोच प्रयोग पुन्हा मांडलाय, या वेळी तुमची चूक सुधारून: बाईची परवानगी असल्याशिवाय एक शब्द बाहेर नाही. मी नंबर पुकारतो, बाहेर बसवलेल्या नवऱ्यांना सांभाळतो. पगार थोडा आहे. आई म्हणते, "पगारासाठी जातोस का बाई बघायला?" मॅडमचा चहा टपरीवर मी स्वतः उभा राहून करून घेतो. त्या "चहाचे किती झाले?" विचारतात आणि तेवढ्यावर माझा दिवस जातो.

आज संध्याकाळी एक बाई आली, हात गळ्यात बांधलेला. नवऱ्याला बाहेर बसवलं. थोडा वेळ बसला, मग उठला. "माझ्या मागं काय बोलती ती?" मी उठेपर्यंत त्यानं दाराला लाथ घातली, आत शिरला, आणि मधे पडलेल्या मॅडमच्या तोंडावर ठोसा मारला. ओठ फाटला, आबा. पुढचं मला नीट आठवत नाही. त्याला पाय धरून बाहेर ओढला, छातीवर बसलो, नाक फुटलं तरी मारत राहिलो, आणि सलाइनचा स्टँड हातात कधी आला तेही कळलं नाही. तो डोक्याच्या वर उचलला होता.

"सोडा त्याला."

"मॅडम, तुमच्यावर हात टाकलाय यानं."

"माझ्यावर टाकलाय ना? मग माझं मी बघते. तिला इथून कुठं जायचंय ते अजून तिनं सांगितलं नाही. तिचं बोलणं अर्धं राहिलंय."

तोवर शेजारच्या कापडवाल्यांनी येऊन त्याला धरलं. "बस की आता," एक जण मला म्हणाला, "मेला तर तुझ्या आईला कोण बघणार?" मी उठलो आणि आत गेलो. मला वाटलं, आता मी इथंच उभा राहतो, दोघींच्या राखणीला. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात तो लोखंडी स्टँड तसाच होता, त्याला रक्त लागलेलं. ती खुर्चीवरून उठून भिंतीला चिकटली आणि तिनं बरा असलेला हात तोंडावर आडवा धरला. नवऱ्यासमोर धरत असेल तसाच. माझ्यासमोर.

मॅडम तिच्याजवळ गेल्या.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? टाकणार नाहीच. पण तुम्हाला एक सांगतो, जे मॅडमना सांगायची हिंमत नाही: मला वाटत होतं त्यांनी मला आतच थांबा म्हणावं. एकदा. मी वाट बघितली. त्या माझ्याकडं नाही, तिच्याकडं बघत होत्या. मी स्टँड कोपऱ्यात टेकवून ठेवला, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.