पाटावरचे देव

।। श्री कमळजा माता प्रसन्न ।।

लोणार, शनिवार

चि. निवृत्ती यास ताईचे अनेक आशीर्वाद. मागच्या महिन्यात तुझे पार्सल पोचले. आत लाकडी मुठीच्या लोखंडी सळ्या तीन, देवांचे छापील नमुने पाच, कार्बन कागद एक. तू कळवलेली किंमत सव्वाआठ रुपये, पोस्टमनचा चहा वेगळा. तुझा खोकला कसा आहे? अडुळशाचा काढा घे, बाटलीतल्या औषधावर पैसे घालवू नकोस.

‘दाजी पेन्शनीत निघाले, लाकडावर चित्रे डागण्यात त्यांचे मन रमेल,’ असे तू लिहिलेस. रमले बाबा, फार रमले! सळ्या लाल करायच्या माझ्या शेगडीत (कोळसा माझा, धूर माझ्याच डोळ्यांत). घरात रिकामी फळी नव्हती, म्हणून मी कमळजेच्या दर्शनाहून येईपर्यंत यांनी जेवायच्या पाटावर गणपती डागला! झाला चांगला, पण त्यावर बसायचे कोणी? “लाकूडच तर आहे ना ते,” म्हणतात. मी मुकाट्याने हळदकुंकू वाहून पाट भिंतीशी उभा केला. (इथेच माझे चुकले. यांना वाटले, मला आवडले.) आठवडाभरात मारुती, दत्त, लक्ष्मी, विठोबा. पाचही पाट गेले. आम्ही जमिनीवर जेवतो, आणि दर शनिवारी मारुतीच्या पाटाला तेल वाहावे लागते ते निराळेच.

अशात आपल्या रुख्मिणीला पाहायला बीबी गावचे उकंडराव, त्यांच्या गोजरबाई आणि मुलगा इंद्रभान आले. मी स्वयंपाकघरात होते. तेवढ्यात यांनी कौतुकाने तेच पाट मांडले! उकंडराव टेकता टेकता उठले, कान धरले आणि म्हणाले, “देवाच्या डोक्यावर बसवता का आमाले, महादेवराव?” यावर तुझे दाजी म्हणतात, “बसा ना, मारुतीले राग नाई येत.” मला धरणी दुभंगावी असे झाले. मागच्या दाराने शेजारच्या पुष्पाबाईचे पाट मागवले. ते फडक्याखाली झाकून आले. फडके काढते तर तिथेही गणपती! यांनी तिचेही पाट फुकट डागून दिले होते. पुष्पाबाई भिंतीवरून म्हणते, “म्या म्हटलं, पाहुण्यायले दाखवाले पाह्यजे असतीन!” रुख्मिणी पोहे घेऊन आली तेव्हा सगळे हात जोडून उभे, जणू आरती चालली आहे. पुढे सतरंजी अंथरली. पण उकंडराव पोहे खाऊन, होय-नाही न बोलता मोटारीला निघून गेले.

आठ दिवस झाले, निरोप नाही. पोरीला मुलगा पसंत आहे, तोंडाने बोलत नाही, पण मोटारीचा भोंगा वाजला की दारात जाते. हिचे लग्न मोडले तर ते तुझ्या पार्सलापायी, हे ध्यानात ठेव. संच परत पाठवते आहे, येणारा खर्च तू द्यावास. तुझ्या दाजींना यापुढे भेट द्यायची तर धोतर दे.

तुझी ताई,
सौ. गीताबाई

ता. क. पाकिटाला तिकीट लावले नव्हते आणि कागदावर जागा उरली आहे, ती वाया का घालवू? बीबीहून होकार आला! ज्या घरात पाटावरसुद्धा देव, त्या घरची मुलगी संस्कारी असणारच, असे उकंडराव गावभर सांगतात म्हणे. मात्र गोजरबाईंना नवरानवरीसाठी असेच दोन डागलेले पाट हवेत. “देव नको बाई, पोरायले बसाचं आहे, राघू काढा,” असा निरोप आहे.

आणखी एक, हे दाजींना कळू देऊ नकोस. नमुना नसला की यांचा हात चालत नाही. यांनी काढलेला राघू वटवाघळासारखा दिसतो. म्हणून हे बाजारात गेल्यावर मीच सळी तापवली. इतकी वर्षे दारात रांगोळी घालते आहे, हात सरळ चालला. राघू असा उतरला की रुख्मिणीने त्याच्यापुढे मिरची ठेवली! पण या जाड सळीने पिसे येत नाहीत. तेव्हा संच परत येणार नाही. उलट एक बारीक टोकाची सळी पाठव, पुष्पाबाईच्या पत्त्यावर, किंमत पाहू नकोस. दुसरा राघू अडला आहे आणि कोळसा भरून ठेवला आहे. कधी पाठवतोस ते उलट टपाली कळव.