डोकी मोजताना

बाबा,

टोपी डोळ्यांवर ओढून मागच्या सीटवर बसलं, म्हणजे मुलगी ओळखणार नाही? बसमध्ये चढताना तुम्ही खोकलात, तेव्हाच मी ओळखलं. "गाइड होऊन देशभर हिंडणार? भटकभवानी! पुन्हा उंबरठा चढू नकोस," असं म्हणणारे तुम्ही माझ्याच सहलीला आलात!

दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. राजवाड्यात लोकांना घुमट दाखवत होते, लक्ष तुमच्याकडे. धबधब्यापाशी तुम्ही जवळ आलात. वाटलं, आता बोलतील. तुम्ही कठडा धरून पाणीच बघत राहिलात.

अभयारण्यातून निघताना डोकी मोजली, तर एक कमी. पुन्हा मोजली, तरी कमीच. लोक वैतागले, रखवालदार झाडीत हाका मारत सुटला. शेवटी ड्रायव्हरकाका म्हणाले, "अगं, ते मागचे टोपीवाले आजोबा धरलेस का?"

नव्हते धरले. मोजायचे असतात ते पाहुणे. स्वतःला मी कधी धरत नाही, आणि तुम्हालाही आपसूकच धरलं नाही.

हे पत्र काही माझ्याच्याने टाकवणार नाही. पण उद्याच्या सहलीलाही तुम्ही तीच सीट घेतली आहे. या वेळी खोकू नका, बाबा. हाक मारा.

तुमचीच,
भटकभवानी