सात नंबरचा अर्ज

१२ ऑगस्ट, सोमवार
संकल्प: रूट सुपरवायझरची जागा यंदा भरायचीच, तीही शंभर टक्के न्यायानं. आज मीटिंगमध्ये डेनिस (मालक) कुरकुरला, की आपल्या स्कूलबस डेपोत ड्रायव्हर बहुतेक काळे आणि केबिनमध्ये बसणारे सगळे गोरे, लोक बोलायला लागलेत. मला हे कधी जाणवलंच नव्हतं. मला माणसाचा रंग दिसतच नाही.
उपाय मीच सुचवला. अर्जांवरची नावं काळ्या मार्करनं खोडायची. फोन नंबर ठेवायचा. फक्त काम बघायचं. डेनिस वा म्हणाला.

१४ ऑगस्ट
खोडायचं काम व्हर्लीनला दिलं. माझ्या काचेपलीकडे नऊ वर्षं ड्रायव्हरांशी बोलायच्या रेडिओवर बसते. काळी आहे, हे केवळ नोंदीसाठी. आधीचा सुपरवायझर रॉन निवृत्त झाल्यापासून रूटचं कामही तीच बघते. तात्पुरतं. चौदा महिने झाले.
अर्ज कोणीही करू शकतं का, असं विचारत होती. म्हटलं, अगं, त्यातच तर मजा आहे. मार्करकडे बराच वेळ बघत राहिली. वास सहन होत नसेल.

२१ ऑगस्ट
नऊ अर्ज. आठ रद्दी. पण सात नंबर! रूट कसे आखावेत यावर दीड पान. तेरा नंबरची बस बर्फात चेस्टनट हिलच्या चढावर अडकणारच, म्हणून ती खालच्या रस्त्यानं वळवावी, आणि त्यासाठी अकरा पोरांना सात मिनिटं आधी बोलवावं, असंसुद्धा लिहिलंय. केवढा अभ्यास करून आलाय हा माणूस! डोळ्यांपुढे उभाच राहिला. उंच, दाढी, चौकड्यांचं जाकीट, थोडासा माझ्या मेहुण्यासारखा.
डेनिसला सांगून टाकलं, माणूस सापडला.

२२ ऑगस्ट, सकाळी १०
सात नंबरला फोन लावला. काचेपलीकडे व्हर्लीनचा मोबाईल वाजायला लागला. म्हटलं, काय योगायोग. तिनं उचलला. माझ्या कानात तिचा आवाज आला.
तिचा मोबाईल नंबर माझ्याकडे नव्हता. नऊ वर्षांत कधी लागलाच नाही. समोरच तर असते.
मुलाखतीला सोमवारी ये म्हटलं. काचेतून हात हलवला. तिनंही हलवला.

२३ ऑगस्ट
सात नंबर पुन्हा शांतपणे वाचला. जरा लांबलाय. शिवाय हे सगळं तिला आधीपासूनच माहीत होतं, मग त्यात अभ्यास तो काय?

२६ ऑगस्ट
मुलाखती झाल्या. न्याय म्हणजे न्याय, उरलेल्या आठांनाही बोलावलं होतं. व्हर्लीन चांगली बोलली. पण कोल! चर्चच्या गायनवृंदात माझ्या शेजारी उभी राहते त्या जॉइसचा मुलगा. आला आणि आपलं माणूस आल्यासारखंच वाटलं. रूटचा अनुभव नाही, पण दोन वर्षं पिझ्झा पोचवलाय. रस्ते तेच की.
कोलचं नक्की केलं. पूर्ण विचारांती.

२७ ऑगस्ट
व्हर्लीनला बोलावून नीट समजावलं. ती वर गेली तर रेडिओ कोण सांभाळणार, ड्रायव्हर ऐकतात फक्त तिचं. तिनं विचारलं, कमी काय पडलं. मी मनापासून सांगितलं, काहीच नाही गं, तीच तर अडचण आहे.
ती उठली. दाराशी थांबली.
"ग्रेचन, मार्कर मी नीट फिरवला होता. तू नखानं खरवडलास."
मी नख लावलंच नव्हतं. कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे, बघून घेतला.

३ सप्टेंबर
कोलला काम शिकवायला व्हर्लीनला सांगितलं. तिच्याइतकं छान कोण शिकवणार? तिनं मला एक पाकीट दिलं. थँक-यू कार्ड असेल असं वाटलं. दोन आठवड्यांची नोटीस निघाली. शाळामंडळाच्या वाहतूक कचेरीत जातेय. तिथे तिचा अर्ज नावासकट घेतला म्हणे.
डेनिसनं विचारलं, सात नंबरचं काय झालं. म्हटलं, तिला दुसरीकडे चांगली संधी मिळाली. खोटं एक अक्षर नाही.

१७ सप्टेंबर
व्हर्लीनच्या निरोपाचं जेवण. कोण काय आणणार त्याची यादी मी भिंतीवर लावली होती. सवयीनं ‘भाजलेली मॅकरोनी’ पुढे व्हर्लीनचं नाव लिहिलं गेलं, दर वेळी तीच घरून करून आणते. ती बाजारातली चिप्सची पिशवी घेऊन आली. ड्रायव्हर पोट धरून हसले. मला विनोद कळला नाही, पण मीही हसले. टीम आहे आपली.
जाताना तिनं सगळ्यांना मिठी मारली. मी फोनवर होते.

१४ नोव्हेंबर, सकाळी ७.४०
पहिला मोठा बर्फ. तेरा नंबर चेस्टनट हिलवर रस्त्यात आडवी अडकलीय. आत एकतीस पोरं, सुखरूप, गाणी म्हणतायत. कोल विचारतो, खालचा रस्ता म्हणजे कुठला. सात नंबरचा अर्ज काढला. अकरा पोरं कोणती, ते त्यात नाही.

सकाळी ७.५५
व्हर्लीनचा मोबाईल लावला. उचलला नाही. मग वाहतूक कचेरीत लावला. तिनंच घेतला, पहिल्याच रिंगला. मी म्हटलं, अगं मी बोलतेय. पलीकडे रेडिओ, चार माणसांचे आवाज, तिच्या हाताखालची असावीत. फार अदबीनं बोलली. आधी बस नंबर विचारला, मग पोरं किती, मग फोन करणाऱ्याचं नाव.
सांगितलं. ग्रेचन हॉफस्टेटर.
तिनं स्पेलिंग विचारलं.