पेवाचं उत्तर

परभणी,
१४ जुलै २०२५

ती. भागम्मा अक्कास,
धाकट्या महांतेशचा शरणार्थ.

तुझा फोन येऊन आठवडा झाला. मी खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. दाजींचा गुडघा कसा आहे? फाट्यावरच्या दुकानात बसवतं का त्यांना? इकडं नळाला दहा दिवसांनी पाणी येतंय आणि परवा कॉलेजात माझा सत्कार झाला. नवा अभ्यासक्रम केला म्हणून शाल आणि नारळ. मीही ठासून बोललो. इंग्रजांनी आपल्या पोरांना आपल्याच घरात परकं केलं, आता आपलं ज्ञान आपल्या वर्गात येणार, असं. टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या, हेही सांगून टाकतो.

तू फोनवर म्हणालीस, "कोन्या मुडद्यानं तपासला रे माझ्या त्रिवेणीचा पेपर? लेकरू लय रडायलंय. तुझे दाजी म्हनायलेत, बास झालं शिक्षण, आता सोयरीक बघू. तू इद्यापीठात हायस, जरा बघ की." मी "बघतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

हे पत्र तुला त्रिवेणीच वाचून दाखवणार, म्हणून तीन कागद फाडले. त्रिवेणी, आता थांबू नकोस. पुढचं आईला मोठ्यानं वाच.

तुझा पेपर मी तपासला.

नावावर पट्टी होती. पण 'पारंपरिक धान्यसाठवण' या प्रश्नाला तू लिहिलं होतंस: "माझे आजोबा ज्वारी काढायला जमिनीतल्या पेवात उतरले आणि वर आले नाहीत. पेव उघडलं की लगेच उतरू नये. आधी पेटता कंदील दोरीनं खाली सोडावा. विझला तर आत हवा खराब आहे." अक्का, तुझ्या सासऱ्यांना वर काढलं तेव्हा दोर माझ्याही हातात होता. मी ते उत्तर ओळखणार नाही?

दहापैकी शून्य दिलं. शेजारी लिहिलं, "व्यक्तिगत मजकूर, संदर्भ नाही." सहा गुणांनी पोरगी गेली.

भाचीला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. ते खोटं आहे. आदर्श उत्तर मीच तयार केलं होतं. चार मुद्दे, आणि चारही एका इंग्रजी अहवालातून उतरवलेले. पेवाचं माप होतं, आकृती होती. कंदील नव्हता. त्रिवेणीचं बरोबर म्हणालो असतो तर माझं उत्तर वाचून पेवात उतरणारा माणूस मेला असता, हे सगळ्या अभ्यासक्रम समितीला कळलं असतं. मग परवाची शालही मिळाली नसती.

याहून वाईट पुढं आहे. त्रिवेणी, तू फेरतपासणीचा अर्ज भरणार होतीस. "त्यानं काही होत नसतं, पुढच्या वेळी परत दे," असं मीच म्हणालो. तू माझं ऐकलंस. मुदत दहा तारखेला संपली. मी ती संपायची वाट बघत होतो.

आज परीक्षा विभागात लेखी देऊन आलो की उत्तर बरोबर होतं आणि चूक परीक्षकाची आहे. नक्कल सोबत जोडली आहे. समितीवरून मला काढतील. पण मुदत गेली म्हणून गुण बदलतीलच असं नाही. तिथली माणसं मला चांगली माहीत आहेत, त्यांच्यातलाच मी एक.

अक्का, दाजींसमोर ही नक्कल ठेव. पोरगी नापास झाली नाही, तिला नापास केलं गेलं, एवढं त्यांना कळू दे. सोयरिकीला कुणाला बोलावू नका. मला मात्र फोन करून बरं वाटेल असं काही बोलू नकोस.

त्रिवेणीचा परीक्षक,
महांतेश